कुत्र्याचं घर करताय? प्लायचं माप नको, कुत्र्याचं आणा

पावसाळा तोंडावर आला की दुकानात रोज एखादा कागद येतोच. वर घराचं चित्र, खाली सहा मापं, आणि "एवढं कापून द्या." आम्ही कापून देतो. दुसऱ्या दिवशी तेच तुकडे परत येतात, कारण पाठीची फळी इंचभर कमी पडलेली असते.

घोळ होतो तो जाडीचा. आतून २८ इंच रुंदी हवी म्हणून पाठीची फळीही २८ चीच सांगितली जाते. पण ती बाजूच्या दोन फळ्यांच्या कडांवर बाहेरून बसते. १२ एमएम प्लाय म्हणजे जवळजवळ अर्धा इंच, दोन्हीकडचा मिळून एक. फळी हवी २९ ची. कापलेला माल आम्ही परत घेत नाही, यावरून काहीजण रागावतात. पण असा तुकडा दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नसतो, आणि तो पुन्हा शीटला चिकटवताही येत नाही.

तेव्हा आम्हाला तीनच मापं द्या. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत (शेपूट धरू नका), जमिनीपासून खांद्यापर्यंत, आणि बसलेला असताना कानांच्या टोकापर्यंत. पिल्लू असेल तर आजचं माप घेऊन उपयोग नाही. डॉक्टरांना विचारा, पूर्ण वाढ किती होईल.

उरलेलं आम्ही कागदावर मांडतो. त्यात अर्धा तास जातो, पण तो का, ते एका लॅब्रॅडॉरच्या घरावरून बघा. आतून ४२ बाय २८. बाजू दोन, ४२ बाय ३१. पुढची-मागची २९ बाय ३१. तळ ४२ बाय २८, छत ५० बाय ३६. बेरीज सुमारे ५१ चौरस फूट. आठ बाय चार फुटांच्या दोन शीट म्हणजे ६४, सहज बसायला हवं. बसत नाही! कसंही फिरवा, एक तुकडा उरतोच आणि तिसरी शीट फोडावी लागते. छत ५० ऐवजी ४८ केलं की सहाही तुकडे दोन शीटमध्ये येतात: एकीत दोन बाजू नि तळ, दुसरीत पुढची, मागची आणि छत. छज्जा तरीही पुढे तीन, मागे दोन इंच राहतो. मागच्या बाजूला तीन इंचांचा उतार याच तुकड्यांतून निघतो. आम्हाला एक शीट जास्त विकता आली असती, हेही इथे नमूद करून ठेवतो.

प्लाय बीडब्ल्यूपीच घ्या, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, शिक्का आयएस ७१० चा. एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारं, स्वस्त पडतं, पण ते घरातल्या कपाटाचं काम. अंगणात पहिल्याच पावसाळ्यात थर सुटतात. बीडब्ल्यूपी असलं तरी कडा उघड्या ठेवू नका, पाणी कडेनंच आत शिरतं. कडांना प्रायमर, वर ऑइल पेंटचे दोन हात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत कुत्र्याला आत सोडू नका. वाळवीसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे, ती इथे नको, कुत्रा चाटतो.

घर चार इंच उंच, विटांवर ठेवा. दार पश्चिमेकडे नको, पाऊस तिकडूनच झोडपतो. छताखाली इंचभराची चार-सहा भोकं हवीतच, नाहीतर मे महिन्यात कुत्रा बाहेरच झोपेल. नुसता पत्रा टाकून छत करू नका, भट्टी होते. छत खिळ्यांनी ठोकण्यापेक्षा बिजागरीवर बसवा, म्हणजे उघडून कोपरे धुता येतात. गोचीड तिथेच दबा धरून असतात. बिजागऱ्या आणि गंज न धरणारे स्क्रू काउंटरवर मिळतील.

रविवारी कटिंग बंद असतं. लॅबच्या घराचे तुकडे रिक्षात मावत नाहीत, येताना छोटा हत्ती ठरवून या.