ऑक्सब्रिज २०००: सन नव्हे, फोन नंबर

'इमर्जन्सी वॉर्ड १०' ही इस्पितळावरची मालिका फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्रिटनच्या नव्या व्यापारी वाहिनीवर आली, तीही काही आठवड्यांपुरती. टिकली मात्र १९६७ पर्यंत. तिच्यातल्या एका लाडक्या डॉक्टरला १९६१ मध्ये इस्पितळातून उचलून दवाखान्यात बसवलं, आणि 'कॉल ऑक्सब्रिज २०००' ही उपमालिका निघाली.

या नावावरून आज हमखास घोळ होतो. ऑक्सब्रिज म्हटलं की ऑक्सफर्ड-केंब्रिज आठवतं आणि २००० म्हणजे सन वाटतो. मग ही विद्यापीठातली विज्ञानकथा असावी, असा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात ऑक्सब्रिज हे मूळ मालिकेतलंच काल्पनिक गाव, आणि पूर्ण नावाची घडण टेलिफोन नंबरची. तेव्हा ब्रिटनमध्ये नंबर सांगताना आधी एक्स्चेंजचं नाव आणि मग आकडे सांगायचे. लंडनच्या पोलिस मुख्यालयाचा 'व्हाइटहॉल १२१२' पोरासोरांनाही पाठ होता. परगावी फोन करायचा तर बहुतेक ठिकाणी ऑपरेटरला गाव आणि नंबर सांगून थांबावं लागे. ट्रंक कॉल बुक केलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. ब्रिटनमध्ये थेट परगावी डायल करायची सोय डिसेंबर १९५८ मध्ये ब्रिस्टलपासून सुरू झाली, आणि १९६६ पासून एक्स्चेंजच्या नावांची जागा निव्वळ आकड्यांनी घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर वाढलेल्या प्रेक्षकाला शीर्षकातला नंबर ओळखू येणं कठीणच होतं.

माझ्या मते मालिकेचं मर्म या नावातच आहे. इस्पितळात रोगी दाराशी येतो; फॅमिली डॉक्टरच्या घरी फोन वाजतो आणि डॉक्टरला बॅग उचलून निघावं लागतं. १९६३ मधल्या पुढच्या मालिकेचं नावही '२४-अवर कॉल', म्हणजे पुन्हा कॉलच.

यामागे १९४८ ची तडजोड होती. त्या वर्षी ५ जुलैला सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली, पण फॅमिली डॉक्टरांनी पगारी नोकर व्हायला साफ नकार दिला होता. मग यादीतल्या दर रोग्यामागे ठरावीक रक्कम, असा करार झाला. रोग्याला खर्च नाही, डॉक्टरला साहेब नाही, आणि रात्री-अपरात्रीच्या फोनला मात्र नाही म्हणता येत नाही. पडद्यावरच्या कथेला एवढं पुरेसं होतं. प्रत्यक्षातला असंतोष १९६५ मध्ये सामूहिक राजीनाम्याच्या धमकीपर्यंत गेला, तेव्हा कुठे १९६६ चा नवा करार आला.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती ऑगस्ट १९६२ मध्ये आलेली 'डॉक्टर फिनलेज केसबुक'. तिची गोष्ट १९२० च्या दशकातल्या स्कॉटलंडमधली, म्हणजे कराराच्या कटकटीआधीची. हा जरा अन्यायच.

मार्च २००० मध्ये दवाखान्यावरचीच 'डॉक्टर्स' ही दुपारची मालिका सुरू झाली. गाव पुन्हा काल्पनिक: लेदरब्रिज. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली.