‘निराधार’ ठरायचे तरी कसे? सांभाळाच्या खर्चाची पार्श्वभूमी

सोलापुरात निराधार योजनेच्या पैशाला फारसे कुणी अनुदान म्हणत नाही. ‘निराधारचा पगार’ म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 साली आली तेव्हा प्रश्न पोटाचा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करायचे कुणी, हे सुनेवर सोडून दिलेले होते. मांडणी अजून तीच आहे, रकमा तेवढ्या बदलल्या.

केंद्राचे वृद्धापकाळ पेन्शन 1995 मध्ये महिना 75 रुपयांनी सुरू झाले. आता ते 79 वर्षांपर्यंत 200 आणि 80 पासून 500 आहे. वरची भर राज्याची. राज्याच्या योजनांतले 600 रुपये 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500.

गाठ आहे ती ‘निराधार’ या शब्दात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे, दिव्यांगांसाठी 50,000. एकवीस हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाकाठी 58 रुपये. सोलापूरच्या पूर्व भागातले थकलेले विडी कामगार जोडपे घ्या. विडी उद्योगाला 1977 पासून भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. दहा वर्षे सेवा भरली की पेन्शन, आणि सप्टेंबर 2014 पासून ते किमान 1,000 रुपये. दोघांनाही मिळत असेल तर वर्षाचे 24,000 झाले. तीन हजारांपायी दोघेही बाद! शेजारच्या यंत्रमाग कामगाराचा फंड मालकाने कधी कापलाच नसेल, तर तो मात्र पात्र. ज्याचा फंड नियमाने भरला, त्यालाच फटका.

मुलाची कमाईही आड येते. म्हणून म्हातारा-म्हातारी रेशनकार्ड वेगळे काढतात आणि एकाच चुलीवर जेवतात. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा नेमके उलटे सांगतो: सांभाळ मुलांनीच करायचा, आणि टाळला तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात महिना 10,000 पर्यंत निर्वाह मागता येतो. म्हणजे एका दारात मुलगा नाही असे दाखवायचे, दुसऱ्या दारात आहे असे. त्याच कायद्याच्या कलम 23 खाली मुलाला दिलेले घर परत मिळवता येते; मात्र बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहिलेली नसेल, तर वाद तिथेच अडकतो. प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 जणांचे वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही त्यात आहे, पण तिथे शब्द ‘काढू शकेल’ असा आहे.

पक्षाघात झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. दिवसाला तीन डायपर आणि एक तीस रुपयांना धरला, तरी महिन्याचे 2,700 गेले. पगार 1,500, दिव्यांगाचा दाखला असला तरी 2,500. औषधे, पाण्याची गादी आणि घरी बसलेल्या सुनेची बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मिळालेले पाच लाखांचे आयुष्मान आरोग्यविम्याचे संरक्षण दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. घरच्या खाटेवरची शुश्रूषा त्यात बसत नाही.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्याने ‘उच्च सहाय्या’साठी, म्हणजे रोजच्या कामांत लागणाऱ्या जास्तीच्या मदतीसाठी, अर्ज करण्याची सोय केली खरी, पण दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर येते ती टक्केवारी. दिवसातून किती तास दुसऱ्याचा हात लागतो, याचा रकाना दाखल्यावर नाही. 80 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या अवलंबितासाठी प्राप्तिकरात सव्वा लाखाची वजावट आहे, तीही जुन्या करप्रणालीत. विडी वळणाऱ्या घरात ती कुणाला लागू व्हायची?