दहा मिनिटांतला किराणा आणि स्लॉटचा किराणा: टंचाईत भिस्त कोणावर ठेवायची?

फोनवर दोन्ही सारखेच दिसतात. तूरडाळीच्या पिशवीचा फोटो, शेजारी भाव, खाली अधिकचं चिन्ह असलेलं बटण. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट उघडा, नाहीतर डीमार्ट रेडी किंवा जिओमार्ट उघडा, नव्या माणसाला सगळं ‘ऑनलाइन किराणा’च वाटतं. त्यात बिगबास्केट आणि जिओमार्टसारख्या कंपन्या आता दोन्ही पद्धतींत उतरल्या आहेत. एकाच ॲपमध्ये काही मिनिटांत येणारा माल आणि उद्या सकाळच्या ठरलेल्या वेळेत, म्हणजे ‘स्लॉट’मध्ये, येणारा माल शेजारी शेजारी बसलेला असतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. एरवी या गोंधळाची किंमत वीस-तीस रुपये. पण पूर, संप, बंद किंवा नुसती अफवा, असं काही झालं की भलत्या ॲपवर विसंबलेल्या घरात संध्याकाळच्या चहाला दूध नसतं आणि आठवड्याला पुरेल एवढी कणीकही नसते.

आधी झटपटवाल्यांचं, म्हणजे ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांचं, काम कसं चालतं ते पाहू. तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी एक गाळा असतो. पाटी नाही, गिऱ्हाईक नाही, आत नुसते रॅक आणि माल भरणारी पोरं. याला डार्क स्टोअर म्हणतात. ॲपवर तुम्हाला जे दिसतं ते फक्त या एका गाळ्यातलं. शेजारच्या पेठेत राहणाऱ्या बहिणीच्या फोनवर ‘आहे’ दिसणारं तूप तुमच्या फोनवर ‘संपलं’ दिसतं, ते यामुळेच. गाळा लहान, म्हणून प्रत्येक वस्तूचे नगही थोडे. माल संपला की शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून टेम्पोने पुन्हा येतो. मुंबईच्या बाबतीत अशा गोदामांचा मोठा पसारा भिवंडीकडे आहे.

डीमार्ट रेडीसारख्या स्लॉटवाल्यांचं गणित उलटं. माल मोठ्या गोदामात, वस्तूंचे प्रकार कितीतरी जास्त, आणि तुम्ही आज जे करता ते खरं तर नोंदणी असते. उद्या सकाळी सात ते दहा, अशी वेळ निवडायची, पैसे भरायचे. माल भरला जातो नंतर, बहुधा गाडी निघायच्या आधी काही तास. रात्री ‘ऑर्डर कन्फर्म’ झालेली असली तरी पहाटे रॅकवर साखर नसेल तर साखर येत नाही. बिल तेवढं कमी होतं आणि पैसे परत येतात. साध्या दिवसांत हे क्वचित होतं. टंचाईत मात्र याच एका गोष्टीवर लोक फसतात, कारण कन्फर्मचा मेसेज आला की माणूस निश्चिंत होतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही.

झटपटवाल्याकडे ‘आहे’ म्हणजे या क्षणी रॅकवर आहे. स्लॉटवाल्याकडे ‘आहे’ म्हणजे उद्यापर्यंत असेल असा अंदाज आहे. पहिला उद्याचं काहीच सांगत नाही, दुसरा उद्याचं सांगतो पण त्याची हमी देत नाही.

आता टंचाईकडे. टंचाई एकाच तऱ्हेची नसते, आणि कुठलं ॲप कामाचं हे तिच्या तऱ्हेवर ठरतं.

एक टंचाई भीतीची. माल भरपूर असतो, पण सगळे एकदम घ्यायला धावतात. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत हेच झालं. बासमती आणि उकडा तांदूळ बंदीत नव्हताच, पण सोना मसुरी आणि कोलमच्या गोण्यांसाठी रांगा लागल्या आणि दुकानदारांनी घरटी एकच गोणी, अशी मर्यादा घातली. अशा वेळी झटपटवाल्याचा लहान गाळा तासा-दोन तासांत रिकामा होतो. पण तो भरतोही लवकर, कारण मागच्या गोदामात माल असतोच. रात्री ‘संपलं’ दिसलं तर घाबरून भलत्याच ब्रँडची दहा किलोची पिशवी उचलायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत बघायचं. भीतीच्या टंचाईत स्लॉटवाल्याकडे माल टिकतो, पण स्लॉट संपतात. म्हणजे धान्य गोदामात पडून, आणि तुमच्याकडे यायला गाडी पाच दिवसांनी.

दुसरी टंचाई खरी. माल वाटेतच अडलेला असतो किंवा निघालेलाच नसतो. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात दूध आणि भाजीपाला शहरांकडे येणं अडलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली पाण्यात, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद, आणि कोल्हापूरकडून येणारं दूध मुंबई-पुण्यात पोचेना. अशा वेळी दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारी यंत्रणा करणार काय? पोरगा दहा मिनिटांत यायला तयार आहे, पण पिशवीत घालायला दूध नाही. दोन्ही ॲपं सारखीच रिकामी. फरक एवढाच की झटपटवाला सरळ ‘संपलं’ म्हणतो आणि स्लॉटवाला कदाचित रात्री ऑर्डर घेऊन सकाळी हात वर करतो. म्हणून खऱ्या टंचाईत नाशवंत माल स्लॉटवर टाकून वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दूध, भाजी, अंडी यांसाठी जे आत्ता दिसतंय तेच खरं मानावं, मग ते फोनवर दिसो की कोपऱ्यावरच्या डेअरीत.

आणि तिसरी, जी आपण सगळ्यांनी पाहिली: माल आहे, रस्ता आहे, माणसं नाहीत. महाराष्ट्रात २३ मार्च २०२० ला संचारबंदी लागली आणि २५ पासून देशभर लॉकडाऊन. किराणा अत्यावश्यक सेवेत होता, कागदावर सगळी मुभा होती. तरीही बिगबास्केट आणि त्या वेळचं ग्रोफर्स (आताचं ब्लिंकिट) यांची सेवा अनेक शहरांत कोलमडली. गोदामातले कामगार गावी निघून गेले, नाक्यांवर गाड्या अडल्या, डिलिव्हरीच्या पोरांना पोलिसांच्या काठ्या खाव्या लागल्या. नंतर सेवा सुरू झाली तेव्हा लोक मध्यरात्री जागून स्लॉट उघडायची वाट बघत बसायचे. मे महिन्यात वाशीची बाजार समितीही काही दिवस बंद ठेवावी लागली.

या आठवणीत एक गोष्ट सहज निसटते. आजच्या रूपातली दहा मिनिटांची सेवा तेव्हा नव्हतीच. इन्स्टामार्ट ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालं, झेप्टो २०२१ मध्ये, आणि ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे ‘लॉकडाऊनमध्ये ऑनलाइनने तारलं’ असं कोणी म्हणालं तर ते बहुतेक स्लॉटबद्दल, सोसायटीत थेट टेम्पो आणणाऱ्या शेतकरी गटांबद्दल किंवा व्हॉट्सॲपवर यादी घेणाऱ्या वाण्याबद्दल बोलत असतात. झटपट सेवेची तशा बंदमध्ये परीक्षा अजून झालेली नाही. मुंबईत नुसता धो धो पाऊस लागला तरी डिलिव्हरीची वेळ दहावरून चाळीस मिनिटांवर जाते किंवा ‘सेवा तात्पुरती बंद’ असा फलक लागतो, हे आपण बघतोच. मग आठवड्याच्या बंदमध्ये काय होईल याबद्दल फार आशा ठेवू नये.

माणसं कमी असण्याच्या टंचाईत स्लॉटच्या जगातली एक सोय उपयोगी पडते, तिच्याकडे नवे लोक बघतही नाहीत: स्वतः जाऊन माल आणणं. डीमार्ट रेडीची मुंबईतली सुरुवातच पिकअप पॉइंटवर उभी होती. ऑर्डर फोनवर द्यायची, ठरल्या वेळी जवळच्या केंद्रावरून पिशव्या उचलायच्या. डिलिव्हरीचा माणूस नसला तरी अडत नाही, दुकानातली रांगही टळते. पायी जाण्याइतकं जवळ केंद्र असेल तर आजच बघून ठेवा.

सुरुवात करायची तर टंचाईच्या आधी करायची. संकटाच्या दिवशी नवं खातं काढायला बसलं की ओटीपी येत नाही, पत्ता नकाशावर सापडत नाही आणि बँक पैसे अडकवते. दोन्ही तऱ्हांचं एकेक ॲप घ्यावं, तीन-चार नकोत. पत्त्याच्या बाबतीत दोघांची गरज वेगळी आहे. झटपटवाल्याला नकाशावरची खूण अचूक लागते, कारण तिच्यावरूनच तुमचा गाळा ठरतो. खूण मागच्या गल्लीत पडली तर कधी कधी वेगळाच गाळा लागतो, किंवा डिलिव्हरीचा स्वार मागच्या भिंतीपाशी येऊन फोन करतो. स्लॉटवाला पिनकोडवर जास्त चालतो, तिथे इमारत, विंग, मजला आणि खुणेचं ठिकाण नीट लिहा. सोसायटीच्या गेटवर ॲपने परवानगी द्यावी लागत असेल तर घरातल्या ज्येष्ठांना ते ‘अलाऊ’ बटण एकदा दाखवून ठेवा. गाडी गेटवरून परत गेली की स्लॉट वाया जातो आणि टंचाईत पुढचा लवकर मिळत नाही.

स्लॉटच्या ॲपमध्ये वस्तू नसेल तर बदली द्यावी की नाही, असा पर्याय कधी कधी असतो. साध्या दिवसांत मी तो बंद ठेवायला सांगेन, नाहीतर गोडा मसाल्याच्या जागी गरम मसाला येतो आणि आमटीचं वाटोळं होतं. टंचाईत मात्र चालू ठेवावा, निदान मीठ, साखर, तेल यांसाठी. मीठ कुठल्या कंपनीचं आहे हे त्या आठवड्यात कोणी विचारणार नाही.

पैशांकडे येऊ. पाकीटबंद मालावर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, टंचाई असो वा नसो, ॲप कुठलंही असो. सुट्या भाजीला, कांद्या-बटाट्याला छापील किंमतच नसते, म्हणून टंचाईत भाव तिथे उसळतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेले तेव्हा दिल्लीत एनसीसीएफ या सहकारी संस्थेने ओएनडीसी या सरकारी पाठबळाच्या ऑनलाइन विक्रीच्या जाळ्यावरून ७० रुपये किलोने घरपोच टोमॅटो विकले होते. म्हणजे सरकारी स्वस्त मालही कधी कधी फोनवरच येतो, पण त्याला मर्यादा असते आणि तो पटकन संपतो.

छापील किंमत पाळली तरी खिशाला चाट बसते ती वरच्या शुल्कांतून. झटपटवाल्यांकडे हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क असे तुकडे शेवटच्या पडद्यावर जमा होतात. कोथिंबिरीची जुडी आणि दह्याचा डबा मागवला तर मालापेक्षा शुल्कच डोळ्यांत भरतं. स्लॉटवाले किमान रकमेची अट घालतात, ती ओलांडली की डिलिव्हरी बहुधा स्वस्त किंवा फुकट. महिन्याची यादी एकदम टाकणाऱ्याला स्लॉट परवडतो, आठवलं तसं मागवणाऱ्याला झटपट महाग पडतं, हे साधं आहे.

‘फक्त २ शिल्लक’ हा लाल अक्षरातला इशारा मात्र दोन्हीकडे वेगळा वाचावा. झटपटवाल्याच्या लहान गाळ्यात खरंच दोनच नग असू शकतात. मोठ्या गोदामातून येणाऱ्या मालावर हेच लिहिलं असेल तर मी ते निम्मंच खरं मानते. खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं या युक्त्यांविरुद्ध केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जास्त पैसे लावले किंवा परतावा अडवला, आणि कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

माल दारात आला की तारीख बघायची. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की पोचवताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस उरलेले असावेत. टंचाईत जुना माल पुढे ढकलण्याचा मोह विक्रेत्याला होतोच. डार्क स्टोअर आपल्याला आत जाऊन बघता येत नाही, ही त्यातली गोम. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशाच एका गाळ्याचा परवाना अस्वच्छतेवरून निलंबित केला होता. झटपटवाला स्वार थांबत नाही, त्यामुळे पिशवी उघडताच फोटो काढून ठेवावा. स्लॉटचा माणूस घाईत नसेल तर बिल आणि माल त्याच्यासमोर ताडून घ्यावा. न आलेल्या वस्तूचे पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये घ्यायचे की बँकेत परत, असं विचारलं तर बँक निवडा. त्या ॲपवर पुढचे चार दिवस काही मिळणारच नसेल तर वॉलेटमधले पैसे काय कामाचे?

माझी वाटणी साधी आहे. तांदूळ, डाळी, कणीक, तेल, साबण, औषधासारखी नियमित लागणारी बाळाच्या दुधाची पावडर हे स्लॉटवर, संपायच्या दहा-बारा दिवस आधी. दूध, पाव, भाजी, अचानक संपलेली चहापूड हे झटपटवर. आणि ज्या वाण्याकडे तुमच्या घराचं खातं आहे त्याच्याकडून अधूनमधून काहीतरी घेत राहा. बंदच्या दिवशी मागच्या दाराने पाच किलो पीठ तोच काढून देतो, आणि तेही ओळखीच्या गिऱ्हाइकाला.

परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून आई-वडिलांसाठी ऑर्डर देत असाल तर एक खबरदारी: डिलिव्हरीचा संपर्क क्रमांक त्यांचा घाला, तुमचा नको. स्वार खाली उभा राहून न्यू जर्सीत झोपलेल्या मुलाला फोन लावत बसतो आणि वरच्या मजल्यावर आजी वाट बघत असतात. परदेशी कार्ड प्रत्येक ॲपवर चालेलच असं नाही, तेही एकदा आधी तपासा. आई-वडील तालुक्याच्या गावी असतील तर दोन्ही सेवा तिथे पोचतात का, हे त्यांच्या पिनकोडवर आजच बघा. पोचत नसतील तर तिथल्या दुकानदाराचा नंबर घ्या, त्याला यूपीआयने पैसे पाठवा, आणि यादी व्हॉट्सॲपवर.