नोकियाचे मोबाइल व्यवसायधोरण

फिनलंडमधील नोकिया या कंपनीने १९९२ ते २०१४ या काळात मोबाइल हँडसेटच्या उत्पादनासाठी व विक्रीसाठी जे धोरण अवलंबिले, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. मोजक्या सुट्या भागांवर उभारलेली असंख्य मॉडेल, पुरवठ्यावरील काटेकोर पकड आणि श्रीमंतांपासून मजुरापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळ्या किमतीचा फोन हा त्या धोरणाचा गाभा होता. १९९८ मध्ये मोटोरोलाला मागे टाकून नोकिया जगातील सर्वांत मोठी हँडसेट कंपनी झाली आणि पुढे चौदा वर्षे ते स्थान तिने टिकवले.

कंपनीचे मूळ १८६५ मध्ये फ्रेड्रिक इडेस्टाम यांनी टाम्पेरे येथे सुरू केलेल्या कागदलगद्याच्या गिरणीत आहे. १९६७ मध्ये रबर व केबल बनवणाऱ्या दोन कंपन्यांशी तिचे एकत्रीकरण झाले, त्यामुळे बूट, टायर, केबल, कागद आणि पुढे दूरचित्रवाणी संच अशा परस्परांशी संबंध नसलेल्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जात होत्या. १९९२ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या योर्मा ओलिला यांनी हा पसारा आवरला आणि कंपनीची सारी शक्ती दूरसंचारावर लावली. हा जुगार होता, पण आंधळा नव्हता. जीएसएम या मोबाइल सेवेच्या युरोपीय मानकावरील पहिला व्यावसायिक कॉल १९९१ मध्ये फिनलंडमध्येच नोकियाच्या यंत्रणेवरून झाला होता आणि एकच मानक अनेक देशांत चालणार असल्याने एकाच प्रकारचा फोन सगळीकडे खपवण्याची वाट मोकळी झाली होती.

फोनचा बाह्य आकार, रंग आणि कळपट्टी बदलायची, पण आतील चिप, बॅटरी आणि सॉफ्टवेअर शक्य तितके सामाईक ठेवायचे, ही नोकियाची रीत होती. त्यामुळे वर्षाला डझनावारी मॉडेल काढूनही सुट्या भागांची खरेदी प्रचंड प्रमाणात आणि म्हणून स्वस्तात होई. भारतातील ग्राहकाला ही रीत चार्जरवरून ठाऊक होती. कोणाच्याही घरी किंवा पानाच्या टपरीवर ‘बारीक पिन आहे का?’ एवढे विचारले की काम भागत असे, कारण आधीची जाड पिन आणि नंतरची बारीक पिन अशा दोनच प्रकारांत कंपनीचे बहुतेक फोन बसत. बीएल-५सी ही बॅटरी तर इतक्या मॉडेलांत वापरली गेली की स्वस्त रेडिओ बनवणाऱ्यांनीही तिच्याच मापाचा कप्पा ठेवायला सुरुवात केली. सामाईकपणाचा धोकाही याच बॅटरीने दाखवला. ऑगस्ट २००७ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेमुळे बदलून देण्याची घोषणा नोकियाला करावी लागली.

पुरवठ्यावरील पकडीचे सर्वांत बोलके उदाहरण मार्च २००० मधील आहे. अमेरिकेतील आल्बुकर्की येथील फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून लहानशी आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धूर व पाणी यांमुळे धुळीचा कणही न चालणारी दालने निकामी झाली. हा कारखाना नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन या दोघांनाही चिप पुरवत होता. फिलिप्सने प्रारंभी आठवडाभराच्या विलंबाची सूचना दिली. नोकियाने त्यावर विसंबून न राहता रोज चौकशी चालू ठेवली आणि अडचण मोठी असल्याचे दिसताच फिलिप्सच्या अन्य कारखान्यांतील क्षमता स्वतःसाठी मिळवली. एरिक्सनकडे त्या चिपसाठी दुसरा पुरवठादार नव्हता आणि तिला जागही उशिरा आली. त्या वर्षी एरिक्सनच्या फोन विभागाला जबर तोटा झाला व २००१ मध्ये तो सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. त्या तोट्याला इतरही कारणे होती, त्यामुळे सगळा दोष एका आगीवर टाकणे अतिशयोक्त ठरेल. तरी पुरवठा-व्यवस्थापन शिकवणाऱ्या वर्गांत हे उदाहरण आजही घेतले जाते.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झालेला पहिला मोबाइल कॉल नोकियाच्याच हँडसेटवरून झाला होता. पुढे कॉलचे दर घसरले, तशी फोन परवडणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. या नव्या गिऱ्हाइकासाठी २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा फोन धोरण म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. त्यात कॅमेरा नव्हता, पडदा एकरंगी होता. मात्र कळपट्टी सलग रबरी आवरणाची असल्याने तिच्यात धूळ शिरत नसे, घामेजल्या हातातून तो निसटत नसे आणि डोक्यावर विजेरी होती. रात्रीच्या विजेवर पिकाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा भारनियमनाच्या गावात जिना चढणाऱ्याला ही विजेरी कॅमेऱ्यापेक्षा मोलाची होती. या मॉडेलचे जगभरात २५ कोटींहून अधिक नग खपले. स्वस्त करण्यासाठी महाग फोनमधून काय काढून टाकायचे, यापेक्षा या माणसाला दिवसभरात काय लागते, हा प्रश्न येथे आधी विचारला गेला होता.

याच विचारातून ‘नोकिया लाइफ टूल्स’ ही सेवा निघाली, तिची प्रारंभिक चाचणी महाराष्ट्रात झाली आणि २००९ मध्ये ती व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवर एसएमएसच्या आधारे हवामान, शेतीविषयक सल्ला आणि जवळच्या बाजार समितीतील भाव मराठीतून मिळत. माहिती पुरवणाऱ्यांत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचा सहभाग होता. कल्पना चांगली होती. मात्र सेवेसाठी दरमहा पैसे मोजावे लागत, आणि पुढे स्वस्त डेटा आल्यावर तीच माहिती फुकट मिळू लागली.

मागणी वाढताच कंपनीने चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथे कारखाना उभारला. २००६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनीही त्याच आवारात बस्तान बसवले. हजारो कामगारांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. मूळ कंपनीला सॉफ्टवेअरपोटी दिलेल्या रकमांवरील करावरून २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याशी वाद उभा राहिला, त्यामुळे २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइल विभाग मायक्रोसॉफ्टने विकत घेतला, तेव्हा हा कारखाना त्या कंपनीकडे जाऊ शकला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील उत्पादन थांबले. पुढे ही जागा चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्प कंपनीने घेतली.

स्वस्त फोनच्या बाजारातही कंपनीचा अंदाज एकदा ठळकपणे चुकला. वेगवेगळ्या मोबाइल सेवा कंपन्यांच्या दरांचा मेळ घालण्यासाठी भारतीय ग्राहक दोन सिमकार्डे बाळगत होता, तेव्हा मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी चीनमध्ये बनवून घेतलेले दोन सिमचे फोन बाजारात ओतले. नोकियाचा पहिला असा फोन २०१० मध्ये जाहीर झाला. ज्या कंपनीने विजेरीची गरज ओळखली, तिला दुसऱ्या सिमची गरज इतक्या उशिरा दिसावी, हे आश्चर्याचे आहे.

मोठी चूक मात्र महाग फोनांत झाली. २००७ च्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांपैकी सुमारे चार नोकियाचे होते आणि त्याच वर्षी अ‍ॅपलचा आयफोन आला. सिंबियन ही नोकियाचे फोन चालवणारी सॉफ्टवेअर प्रणाली कळपट्टीच्या फोनसाठी घडलेली होती. तिच्यावर स्पर्शपडदा आणि अ‍ॅपची दुकाने बसवताना प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागे. हार्डवेअरमध्ये उपयोगी पडलेली मॉडेलांची विविधता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना डोकेदुखी झाली. नकाशांसाठी नॅव्हटेक कंपनी ८ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्यात आली, ओव्ही नावाने सेवा सुरू झाल्या, परंतु ग्राहकाला खिळवणारे अ‍ॅपचे जाळे उभे राहिले नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन इलॉप प्रमुख झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला, पण त्या प्रणालीवरील पहिले लुमिया फोन बाजारात यायला वर्षाची अखेर उजाडली. जो माल कंपनीनेच कालबाह्य ठरवला तो दुकानदार कशाला मांडून ठेवील? या मधल्या महिन्यांत सिंबियन फोनची विक्री कोसळली आणि २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगने पहिले स्थान घेतले. अँड्रॉइड स्वीकारले असते तर नोकिया वाचली असती, असे पुष्कळांचे मत आहे. मात्र अँड्रॉइड वापरणाऱ्या एचटीसी व मोटोरोला यांनाही आपले स्थान राखता आले नाही, हे लक्षात घेता त्या मताला फार वजन देता येत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये मोबाइल विभाग ५.४४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला विकण्याचे ठरले आणि एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. २०१६ पासून नोकिया हे नाव एचएमडी ग्लोबल या फिनलंडमधीलच कंपनीने परवान्यावर वापरले. तंत्रज्ञानाची पेटंटे मात्र नोकियाने विक्रीत दिली नव्हती. मायक्रोसॉफ्टला त्यांचा केवळ वापराचा परवाना मिळाला. दूरसंचार जाळ्यांची यंत्रसामग्री बनवणे हा आज नोकियाचा मुख्य व्यवसाय असला, तरी या पेटंटांपोटी इतर फोन कंपन्यांकडून तिला स्वामित्वशुल्क मिळत असते आणि त्यावरून अ‍ॅपलशी झालेला न्यायालयीन झगडा २०१७ मध्ये तडजोडीने मिटला.