फुंकलेल्या काचेवरची अक्षरे : एमिल गालेपर्यंतचा प्रवास

काच फुंकण्याची कला इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उदयाला आली आणि पुढच्याच शतकात फुंकलेल्या भांड्यांवर अक्षरेही दिसू लागली. एनिऑन नावाच्या कारागिराच्या पेल्यांवर ‘एनिऑनने घडवले’ असा ग्रीक मजकूर आहे, तर काहींवर विकत घेणाऱ्याचे स्मरण राहो, अशी सदिच्छाही आहे. ही अक्षरे साच्यातच कोरलेली असल्यामुळे कारागिराने फुंकर घातली की भांडे आणि मजकूर एकत्रच आकाराला येत.

मामलुक सुलतानांच्या काळात, म्हणजे १३व्या-१४व्या शतकांत, इजिप्त आणि सिरियात मशिदींसाठी घडवलेले काचेचे दिवे ही मला या परंपरेतील सर्वांत सुंदर निर्मिती वाटते. फुंकलेल्या दिव्यावर रंगीत काचेच्या पुडीने अक्षरे रेखून, सोन्याचा मुलामा देऊन तो पुन्हा भट्टीत तापवला जाई. यांपैकी अनेक दिव्यांवर कुराणाच्या २४व्या सूरेतील ३५वी आयत आहे. तिच्यात ईश्वरी प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा दिली असून दिव्याभोवतीची काच तेजस्वी ताऱ्यासारखी असल्याचे म्हटले आहे. आत वात पेटली की त्या ओळींचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहत असे.

याच इस्लामी मीनाकामाचा अभ्यास फ्रान्समधील नान्सीच्या एमिल गाले (१८४६–१९०४) याने केला. वडिलांचा काच आणि चिनी मातीच्या भांड्यांचा व्यवसाय, माइझेनताल येथील भट्टीवर घेतलेले शिक्षण आणि वनस्पतिशास्त्राची ओढ यांतून त्याची दृष्टी घडली होती. १८८०च्या दशकापासून त्याने ह्यूगो, बोदलेर आदी कवींच्या ओळी काचपात्रांवर कोरल्या आणि ही पात्रे ‘बोलकी काच’ म्हणून ओळखली गेली. पूर्वी मजकूर भांड्यासाठी असे. गालेकडे काचेचा रंग, पोत आणि फुलापानांची नक्षी कवितेच्या आशयाला जुळवून घेऊ लागली. प्रत्यक्ष फुंकण्याचे काम मात्र त्याच्या आराखड्यांबरहुकूम कुशल कारागीर करीत आणि त्या हातांचे ऋण विसरता येत नाही.

गाले हा देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या फ्रेंच लष्करातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफसचा खंदा पाठीराखा होता. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याने या अन्यायाच्या निषेधार्थ, व्हिक्तोर प्रुव्हे या चित्रकाराच्या साहाय्याने घडवलेले ‘काळी माणसे’ हे पात्र मांडले. ‘काळ्या माणसांनो, तुम्ही कुठून आलात?’ हा काळ्या झग्यातल्या जेझुइट धर्मगुरूंना उद्देशून बेरांजे या कवीने विचारलेला प्रश्न त्यावर असून, भोवती अंधारातून वर येणाऱ्या आकृती आहेत. ड्रायफस १९०६ साली निर्दोष ठरला. गालेचे निधन त्याआधी दोन वर्षे झाले होते.