वाड्याशेजारी टॉवर येतोय? हरकत कुठे घ्यायची, कुठले कागद लागतात आणि अर्ज का परत येतात (बडोदा, जुनं शहर)

रावपुरा, दांडिया बाजार किंवा मांडवीच्या बाजूला एखादा वाडा पाडून तिथे लक्झरी रेसिडेन्सीचा बोर्ड लागला की काय होतं ते आता पाठ झालंय. पोळीतले (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली) सगळे सह्या गोळा करतात, आयुक्तांच्या नावाने दोन पानी अर्ज जातो, त्यात गायकवाडी वारसा, अडणारं ऊन, पाण्याचं प्रेशर, पार्किंग, बिल्डरचा माज असं सगळं एकत्र लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर येतं की बांधकाम नियमानुसार आहे. मग आपण म्हणतो सगळे मिळालेले आहेत. असतीलही. पण त्या अर्जात खरंच असं काही नव्हतं ज्यावर एखाद्या अधिकाऱ्याला, अगदी प्रामाणिक असला तरी, काही करता आलं असतं.

कारण साधं आहे आणि कुणी सांगत नाही. बिल्डिंग परमिशन देताना शेजाऱ्याची हरकत मागवायची अशी पायरीच नाहीये. बिल्डर प्लॅन टाकतो, नियमात बसला की परमिशन मिळते, तुम्हाला कुणी विचारत नाही. "लक्झरी" असणं हा गुन्हा नाही आणि "खूप उंच" हीसुद्धा हरकत होत नाही, "नियमात इतकी उंची आहे आणि प्लॅनमध्ये त्यापेक्षा जास्त आहे" ही हरकत होते. म्हणून आधी शोधायचं की कायद्यात आपल्याला बोलायला जागा कुठे ठेवलीय, आणि अर्ज तिथेच टाकायचा.

त्याआधी प्लॅन हातात हवा. लोक लगेच आरटीआय टाकतात आणि महिना घालवतात. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर प्रोजेक्ट रेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदवावाच लागतो, आणि गुजरात रेराच्या साइटवर मंजूर प्लॅन, जागेचा तपशील, मजले हे कुणालाही फुकट बघायला मिळतं. पण रेराकडे तक्रार करायला जाऊ नका, तो मुख्यतः फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे, शेजाऱ्याला तिथे फारसं कुणी विचारत नाही. कागद घ्या आणि बाहेर पडा.

तिथे नाही मिळालं तरच आरटीआय. इथे दोन बारीक गोष्टींवर अर्ज परत येतात. पहिली फी. पालिकेचं किंवा राज्य सरकारचं ऑफिस असेल तर 20 रुपये, केंद्राचं म्हणजे पुरातत्त्व खातं वगैरे असेल तर 10 रुपये, आणि आपले लोक व्हॉट्सअॅपवर आलेला नमुना बघून सगळीकडे दहाच लावतात. दुसरी भाषा, आणि हे खास आपल्या मराठी मंडळींसाठी. कायद्यात लिहिलंय की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा, म्हणजे इथे गुजरातीत. घरात चार पिढ्या मराठी बोलत असलो, गायकवाडांच्या काळात दप्तर मराठीत चालायचं हे खरं असलं, तरी आज मराठीत लिहिलेला अर्ज ते घ्यायला बांधील नाहीत. काका-आजोबांना वाईट वाटतं, पण गुजरातीत लिहून घ्या.

आरटीआयमध्ये "चौकशी करावी", "स्मारकापासूनचे अंतर मोजून द्यावे" असलं लिहू नका. त्यांच्याकडे कागदावर जे आहे तेवढंच ते देतात, तुमच्यासाठी नवीन मोजणी करणार नाहीत. "सिटी सर्व्हे नंबर अमुकच्या स्मारक एनओसी (ना-हरकत) फाइलमधल्या स्थळपाहणी अहवालाची प्रत द्यावी" असं मागा, अंतर त्यात असतंच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. बिल्डरची व्यावसायिक माहिती आहे असं सांगून नकार आला तर तेच अपीलात लढायचं, सोडून द्यायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, स्मारकापासूनचं अंतर. यात जितका गोंधळ आहे तितका कशातच नाही. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पहिले 100 मीटर प्रतिबंधित, तिथे नवीन बांधकाम नाहीच, आणि त्याच्या पुढचे 200 मीटर नियंत्रित, तिथे एनओसी घेऊन करता येतं. लोक 200 मीटर स्मारकापासून मोजतात. तसं नाही, ते शंभर संपल्यावर सुरू होतात, म्हणजे एकूण 300 मीटर झाले. आणि मोजायचं ते स्मारकाच्या भिंतीपासून किंवा दरवाज्यापासून नाही, संरक्षित जागेची जी हद्द नकाशात आहे तिथून. या एका फरकाने कित्येक प्लॉट शंभराच्या आत येतात किंवा बाहेर जातात, म्हणून गूगल मॅपवर बोटाने मोजलेलं अंतर अर्जात लिहू नका, हद्दीचा नकाशा आधी मागवा.

पण संरक्षित म्हणजे कुणाच्या यादीत? बडोद्यात केंद्राच्या यादीतली नावं थोडीच आहेत. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचा तांबेकर वाडा आहे, ज्यात ती भित्तिचित्रं आहेत, आणि प्रतापनगरच्या बाजूचा हजिरा (जुना मकबरा) आहे. लक्ष्मी विलास पॅलेस किंवा न्यायमंदिर त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्या शेजारच्या टॉवरला हा शंभर मीटरचा नियम लागत नाही, कितीही जीव तुटला तरी. त्याच्यावर अर्ज केला तर पहिल्याच वाक्यात उडतो. इन्टॅकच्या (वारसा जपणारी बिगरसरकारी संस्था) यादीत नाव आहे, हेरिटेज वॉकच्या पत्रकात फोटो आहे, हे जोडायला हरकत नाही पण त्याने कायद्याचं संरक्षण मिळत नाही. वास्तू राज्याच्या यादीत असेल तर राज्याचा कायदा वेगळा, ऑफिस वेगळं.

समजा तुम्ही तांबेकर वाड्याच्या 300 मीटरमध्ये आहात. तर बिल्डरला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, तो 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचं, आणि त्यानंतर महिन्याभरात परवानगी किंवा नकार. यातही तुम्हाला नोटीस येत नाही. तुमचं निवेदन प्राधिकरणाचं मत ठरायच्या आधी तिथे पोचायला हवं, नंतर पोचलं तर ते फाइलला लागतं इतकंच. म्हणून बोर्ड लागायची वाट बघत बसू नका, बोर्ड लागतो तेव्हा बहुतेक एनओसी खिशात असते. प्राधिकरणाच्या साइटवर बैठकांची इतिवृत्तं असतात, ती मधूनमधून बघत जा, कंटाळवाणं काम आहे पण एखाद्या रिटायर्ड माणसाला नेमा.

आणखी एक जुनी युक्ती. शंभर मीटरच्या आत अर्ज "दुरुस्ती आणि नूतनीकरण" म्हणून जातो, आणि पडद्यामागे वाडा पायापासून उकरला जातो. कायद्यातल्या व्याख्येत दुरुस्तीमध्ये नवीन बांधकाम किंवा पुनर्बांधणी येत नाही हे स्पष्ट लिहिलंय. असं दिसलं तर तारखेसकट फोटो काढा आणि एएसआयच्या (केंद्राचं पुरातत्त्व खातं) वडोदरा सर्कलला आणि पालिकेला एकाच दिवशी लेखी द्या. यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि डोळेझाक करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, ते कलम 30सी. अर्जात त्याचा उल्लेख नम्रपणे केला की फाइल जरा हलते असा अनुभव आहे.

स्मारक जवळ नसेल तर दुसरी जागा म्हणजे विकास आराखडा आणि टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) स्कीम. रस्त्याची रुंदी, झोन, आरक्षण बदललं तरच जुन्या गल्लीत एवढी उंची बसते, कारण गुजरातच्या नियमांत उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. त्यामुळे खरी लढाई टॉवर येण्याच्या कितीतरी आधी, रस्त्याची रेषा कागदावर रुंद होते तेव्हा असते. हरकतीला मुदत असते आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिने, टीपी स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजायची, पेपरात बातमी आली त्या दिवसापासून नाही, आणि तुम्हाला कळलं त्या दिवसापासून तर मुळीच नाही. इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. आराखड्यावर कुणीही हरकत घेऊ शकतं, भाडेकरूसुद्धा. टीपीमध्ये मात्र स्कीमचा परिणाम होणारा माणूस असं आहे, तिथे तुमचा संबंध दाखवावा लागतो.

आणि संबंध दाखवायचा म्हटलं की तो कागद येतो जो कुणाकडे नसतो. प्रॉपर्टी कार्डवर अजून पणजोबांचं नाव, वारसाई कधी झालीच नाही, चार भावांपैकी दोन पुण्याला, एक अमेरिकेत. वारसाई आत्ता करायला बसलात तर मुदत संपेल. जसं आहे तसं कार्ड जोडा, सोबत वेराबिल (घरपट्टीचं बिल), लाइटबिल, आधार आणि "कार्डधारकाचे आम्ही वंशज, येथे राहतो" असं साधं प्रतिज्ञापत्र. काही घरांत सनद आहे पण मोडीत. ती तशीच झेरॉक्स करून देतात लोक, आणि खिडकीवरचा माणूस ती उलटी धरून बघतो. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, त्याचं गुजराती भाषांतर आणि नोटरी. पैसे आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून हे काम आजच, काही वाद नसताना, करून ठेवा.

सह्यांबद्दल. तीनशे सह्यांचा एक अर्ज हा शेवटी एकच अर्ज धरला जातो. त्यापेक्षा वीस घरांनी वीस वेगळे अर्ज, प्रत्येकात स्वतःचा पत्ता आणि स्वतःची अडचण, हे जड पडतं. सामायिक अर्ज करायचाच असेल तर प्रत्येक पानावर विषय लिहा, नाहीतर सह्यांची पानं कुठल्याही अर्जाला जोडता येतात हा आक्षेप येतो, आणि तो चुकीचाही नाही. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "उद्या या" म्हटलं तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

प्रकल्प खूप मोठा, बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणून सुनावणीची वाट बघू नका. मंजुरी केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर दिसते. तिच्याविरुद्ध एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण), आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, 30 दिवसांत अपील, उशिराचं कारण पटलं तर आणखी 60 दिवस, आणि त्यानंतर कितीही गाऱ्हाणं खरं असलं तरी दार बंद.

बांधकाम सुरूच झालं असेल तर मंजूर प्लॅन हातात घेऊन समोर उभे राहा. समास (इमारतीभोवतीची मोकळी जागा) सोडलाय का, बेसमेंट जास्त खोदलंय का, मजला वाढलाय का. जे प्लॅनबाहेर आहे तेवढंच लिहा आणि महानगरपालिका कायद्याच्या कलम 260 खाली नोटीस द्यावी अशी मागणी करा. "नंतर इम्पॅक्ट फी भरून रेग्युलर होईल", म्हणजे पैसे भरून अनधिकृत बांधकाम नियमित होईल, असं बिल्डरचा माणूस हसत सांगतो. 2022 चा तो कायदा 1 ऑक्टोबर 2022 च्या आधीच्या अनधिकृत बांधकामांसाठी आहे, आज चढवलेल्या मजल्यासाठी नाही, हे त्याला आणि अर्जात दोन्हीकडे सांगा. हायकोर्टात जायचं ठरलं तर स्लॅब टाकला जायच्या आधी जा, कारण लोक राहायला आल्यावर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो की इतके दिवस कुठे होता, आणि तेव्हा उत्तर म्हणून तारखा असलेले पोचशिक्केच चालतात.