टाकून द्यायच्या सालीची काळजी

मुझफ्फरपूरची लिची वाशीच्या बाजारात येते तेव्हा गिऱ्हाईक आधी रंग बघतं. तपकिरी पडलेली लिची सोलून पाहा, आतला गर बहुतेक वेळा पांढराशुभ्र, रसाळ निघतो. तरी भाव ठरतो सालीवर, आणि रसायनांचा सगळा खटाटोपही तिच्यासाठीच!

तोडलेली लिची साध्या हवेत दोन-तीन दिवसांत काळवंडते. पातळ, खरखरीत सालीतून पाणी उडून जातं आणि तिला बारीक भेगा पडतात. झाडापासून तुटलं तरी फळ श्वास घेतच असतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे उपद्रवी रेणू तयार होतात. ताज्या फळात कॅटलेजसारखी विकरं (एन्झाइम) आणि क जीवनसत्त्व त्यांचा बंदोबस्त करतात. साल सुकत गेली की हा बंदोबस्त ढिला पडतो, पेशींची पटलं फाटतात आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असणारे एपिकॅटेचिन हे सालीतलं रसायन आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांना भेटतात. त्यातून तपकिरी रंग तयार होतो. सालीचं लाल रंगद्रव्य, अँथोसायनिनही त्यातच खर्ची पडतं.

जुना उपाय गंधकाच्या धुरीचा. नाताळसाठी मादागास्करहून युरोपात जाणाऱ्या लिचीला ती देतात. धुरीतला सल्फर डायऑक्साइड पॉलिफिनॉल ऑक्सिडेजला निकामी करतो, पण अँथोसायनिनलाही चिकटतो, म्हणून धुरी दिलेली लिची फिकट पिवळी दिसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवली की लाली परतते. उपाय खात्रीचा, पण धुरीमुळे फळात उरणाऱ्या सल्फाइटचा दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. युरोपीय संघात तर गरात किलोमागे 10 मिलिग्रॅमच्या वर अवशेष चालत नाही.

ऑक्झॅलिक आम्ल वेगळ्या वाटेने जातं. पॉलिफिनॉल ऑक्सिडेजचं काम तांब्यावाचून चालत नाही. हे आम्ल ते तांबंच पकडून ठेवतं. शिवाय आम्लता वाढल्याने अँथोसायनिन लाल राहतं.

मला खरी गंमत वाटते ती सॅलिसिलिक आम्लाची. 1993 मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांत दिसलं की ते कॅटलेजलाच, म्हणजे रक्षकालाच, अडवतं. पेरॉक्साइड थोडं वाढतं, तो इशारा समजून पेशी आपली संरक्षण यंत्रणा जागी करते. फळांवर सौम्य द्रावण वापरल्यावर काळवंडणं लांबतं, त्यामागे असाच काहीसा प्रकार असावा. द्रावण तीव्र झालं तर मात्र सालच भाजते.

यातलं कुठलंही आम्ल पाणी उडणं पूर्णपणे थांबवत नाही. त्यासाठी लिची सकाळच्या गारव्यात तोडून लगेच थंड आणि दमट जागी ठेवावी लागते.